पिंगळीची सून ड्युटीवर आहे

परभणीत बसस्टँडपासून चालत येण्याच्या अंतरावर मी मुलींचं होस्टेल चालवते. घर आमचंच. खाली आम्ही राहतो, वर मुली. मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, दुरुस्त्यांची, कोणत्या मुलीला काय खाल्लं की बाधतं त्याची, सगळ्यांची यादी असते. दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हाही आधी यादीच केली, आणि ती वाचून माझं मलाच नवल वाटलं. इतक्या वर्षांच्या धंद्यातली जी माणसं मला आठवली ती बहुतेक अशी होती, की ज्यांच्यावर मी कधी ना कधी मनातून जळले. मग म्हटलं, हेच लिहावं. चांगुलपणाचे अनुभव इतर लोक लिहितीलच.

आधी धंदा काय आहे ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, होस्टेल म्हणजे कॉट, गादी आणि दोन वेळचं जेवण. ते असतंच, पण गिऱ्हाईक त्यासाठी येत नाही. खेड्यातला बाप मुलीला घेऊन येतो तेव्हा तो गादी दाबून बघत नाही, गेट बघतो. कुलूप किती वाजता लागतं, भाऊ भेटायला आला तर कुठं बसतो, मालकीणबाई स्वतः इथंच राहतात का, एवढं विचारतो. त्याचा पोरीवर विश्वास नसतो असं नाही. त्याला गावात द्यायला एक उत्तर लागतं. ‘पोरगी परभणीला काकूकडं असते’ हे उत्तर मी देते, बाकी वरण-भात कुठेही मिळतो.

म्हणून माझे नियम कडक. संध्याकाळी सातला गेट बंद. बाहेर जाताना सांगून जायचं, आल्यावर तोंड दाखवायचं. फोनवर बोलायचं तर गच्चीवर, जिन्यात नाही. मुली मागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्यातली काही नावं चांगली आहेत.

हा धंदा उभा आहे तो अंतरावर. ताडकळससारख्या गावातून कॉलेजला रोज ये-जा करायची तर एक बस चुकली की अर्धा दिवस गेला, आणि परतीची चुकली तर मुलीचं शिक्षणच गेलं. मी स्वतः ताडकळसची, मला कुणी समजावून सांगायला नको. बी.कॉम. झाले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, आणि लग्नानंतर औरंगाबादच्या एका ऑफिसात मला नोकरी लागली. यजमानांची रेल्वेत नोकरी होती, पूर्णेला. सासरे देवासमोरून उठता उठता म्हणाले, “औरंगाबाद इथं हाय का?” झालं. औरंगाबाद इथं नव्हतं. मी कळवून टाकलं की येत नाही. त्यानंतर वर्षभरातच वरच्या मजल्यावर चार कॉट टाकल्या. ज्या अंतरानं माझी नोकरी खाल्ली त्याच अंतरावर पुढं आमचं घर चाललं, हा हिशोब मला तेव्हापासून कळलेला आहे.

मग कॉलेज फोनमध्ये आलं.

यादीतला पहिला हेवा म्हणजे फोनमधले सर. ते कुठल्या गावचे ते मुलींनाही माहीत नव्हतं. बी.कॉम.च्या मुली त्यांचे तास ऐकायच्या. मी वर्षानुवर्षं ओरडतेय की ताटं घासून ठेवा, सकाळी लवकर उठा, तर कुणी हलत नाही. ते सर म्हणायचे, “उद्या बरोबर सातला भेटू,” की सातला सगळ्या जणी वेणी-फणी करून बसलेल्या. कॅमेरा बंद असूनसुद्धा! एक दिवस आमची स्वयंपाकीण आली नाही म्हणून मी एका मुलीला पोळ्यांना बसवलं. तिनं फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि एकीकडे तास, एकीकडे पोळ्या. घसाऱ्याचा धडा होता. मी भाजी परतता परतता ऐकत होते. तो धडा मला कॉलेजात कधीच समजला नव्हता, आमचे सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. आणि इथं कढईजवळ उभ्याउभ्या तो सरळ डोक्यात उतरला.

मी म्हटलं, “एवढं परत सांगायला सांग गं त्यांना.”

ती म्हणाली, “काकू, सांगायचं कशाला? मागं घ्यायचं.” आणि पिठाच्या बोटानं तिनं सरांना मागं नेलं. सर निमूटपणे परत सुरू झाले.

त्या बोटावर मी किती जळले ते मलाच माहीत. आमच्या वेळी बस चुकली की तास गेला तो गेलाच.

हळूहळू कॉट रिकाम्या व्हायला लागल्या. बाप लोक येऊन सांगायचे, “काकू, कालेज तर आता फोनमदी आलंय, मग हितं ठिवून काय करावं?” उलटा बाप मला एकच भेटला. पूर्णा तालुक्यातला, दोन-तीन एकरवाला. त्याच्या मुलीचे सगळे तास घरबसल्या होते, तरी तो तिला ट्रंकेसकट घेऊन आला. मी म्हटलं, “भाऊ, घरी राहूनही होईल की तिचं.” तो म्हणाला, “घरी ठिवली की तिची आय तिला म्हशीकडं लावती. माझी आय शेतात लावती. तुमी फकस्त एवढं करा काकू, तिला कुणी काम सांगू नका.” ती मुलगी काही फार हुशार नव्हती. पण पोरीला कुणी काम सांगू नये म्हणून जो बाप परभणीत कॉट घेतो, त्याच्या पोरीचा हेवा न करायला मी काही संत नाही.

एका मुलीचा मात्र नाही केला. तिचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर जे जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला यायचे. ते महिने ती माझ्याकडे असायची, सणाला माझ्या घरी जेवायची. तास फोनवर आल्यावर ते तिला बरोबर घेऊन गेले. मी फोन केला तर म्हणाली, “ऐकते की काकू लेक्चर. संध्याकाळी पाचटाच्या कोपीत बसून ऐकते.” आणि दिवसा? “दिवसा मोळ्या बांधते.” पूर्वी कॉलेज दूर होतं म्हणून ती उसातून सुटायची. ते जवळ आलं आणि ती फडात गेली. तिची कॉट मी त्या वर्षी दुसरीला दिली नाही.

आता वैशाली. ही यादी तिच्यासाठीच केली म्हणा ना.

वैशाली माझ्याकडे तीन वर्षं होती. सात वाजून गेल्यावर गेटपाशी उभी राहून इतकी गोड हसायची की मला ओरडायला जमायचं नाही. बी.कॉम. झाली आणि लग्न होऊन पिंगळीला गेली. पिंगळी म्हणजे परभणीच्या शेजारचंच स्टेशन. नवरा प्रकाश, शेती आणि ट्रॅक्टर बघतो. सासू सगुणाबाई, वैशाली त्यांना आत्या म्हणते. लग्नानंतर वैशालीनं सासरी बसून, एकदाही कॉलेजची पायरी न चढता, एम.कॉम. केलं. तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं. त्यानंतर तिचा फोन आला, “काकू, पुण्याच्या कंपनीत मुलाखत आहे. दुकानदारांचे हिशोब करायचं काम. लागले तर पिंगळीतूनच करायचंय. पण मुलाखतीला इथं नेटवर्कचा भरवसा नाही. तुमची समोरची खोली द्याल का?”

दिली. का नाही देणार? पण फोन ठेवल्यावर मी कोथिंबीर निवडायला घेतली आणि देठांबरोबर सगळी पानंही टाकून दिली.

मुलाखतीच्या दिवशी रिक्षातून तिघं उतरली. वैशाली काठपदराच्या साडीत, डोक्यावर पदर, केसात गजरा. सगुणाबाई, हातात स्टीलचा मोठा डबा. आणि वैशालीचे चुलत सासरे नागोराव, धुवट टोपी घालून.

मी वैशालीला बाजूला घेतलं. “हे काय गं? मुलाखत आहे की काय आहे?”

ती रडवेली झाली होती. “काकू, मी म्हटलं पुण्याचे लोक मला फोनवर बघणार आहेत, प्रश्न विचारणार आहेत आणि मग पसंत-नापसंत कळवणार आहेत. आत्यांनी कालपासून तयारी केली. डब्यात लाडू आहेत.”

“लाडू कुणाला?”

“तेच मी म्हणलं. तर म्हणाल्या, त्यांना न्हाई देता आले तर काकूला देऊ, पण बघायच्या दिवशी रिकाम्या हातानं जायचं न्हाई.”

नागोरावांना आणलं होतं ते बोलणी करायला. घरात वडीलधारा माणूस असताना पोरीनं एकटीनं परक्याशी बोलायचं हे त्यांच्या रीतीत बसेना. मी गजरा काढायला लावला, पदर खाली घेतला, आणि ‘तुम्ही आत चहाला चला’ म्हणून दोघांना उठवायला लागले. सगुणाबाई उठल्या. नागोराव उठेनात. तेवढ्यात लॅपटॉपवर पुण्याच्या बाई आल्या. तिशीतल्या, केस कापलेले, मागं पुस्तकांचं कपाट. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तोवर नागोराव खुर्ची सरकवून वैशालीच्या शेजारी पडद्यात आले.

“नमस्कार मॅडम,” ते म्हणाले. “पोरगी आमची लय गुणाची हाय. घरात मोठा आवाज न्हाई. देण्याघेण्याचं काय आसंल ते मोकळं बोलून घ्या, मागून वाद नगं.”

मी दाराआडून कपाळाला हात लावला. त्या बाई अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या, “काका, पगाराचं नंतर बोलू या आपण. आधी मला वैशालीशी बोलू द्याल?”

“बोला की, बोला,” नागोराव म्हणाले, आणि उठून आत येऊन सगुणाबाईंना सांगितलं, “पार्टी चांगली वाटायली, वयनी. बोलायला मऊ हायेत.”

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. भिंतीपलीकडून वैशालीचा आवाज येत होता. आधी अडखळत होती, मग सुटली. कर, परतावा, ताळेबंद असलं काय काय बोलत होती. एकदा दोघीही हसल्या. पुण्याची बाई आणि माझ्या गेटवर उशिरा येणारी ही पोरगी, समोरासमोर बसल्यासारख्या हसत होत्या. मी चहा गाळत होते आणि मला तीस वर्षांपूर्वीचे सासरे आठवत होते. पुणं इथं होतं. माझ्याच समोरच्या खोलीत होतं.

मुलाखत संपून वैशाली आत आली. सगुणाबाईंनी विचारलं, “काय मनल्या?”

“कळवतो म्हणाल्या.”

सगुणाबाईंचा चेहरा पडला. “कळवतो मनल्या मंजी न्हाईच. आमच्या भाचीला, सुमीला चार ठिकाणचे बघून कळवतो मनून गेले, आजून कळवायलेत.”

डबा माझ्याकडे ठेवून तिघं गेली. दोन दिवसांनी पसंती आली. तीन महिने कच्ची नोकरी, त्यात नीट जमलं तर कायम. प्रकाशनं वायरचं इंटरनेट घरापर्यंत ओढून घेतलं. मी फोनवर अभिनंदन केलं आणि ते मनापासून केलं. अभिनंदन आणि जळणं ही दोन्ही कामं बाईमाणसाला एका वेळी जमतात.

पंधरा दिवस झाले असतील. सकाळीच वैशाली दारात. खांद्याला लॅपटॉप, हातात वळकटी.

“काकू, एक कॉट द्या. अडीच महिन्यांसाठी.”

“काय झालं?”

“घरी होईना गेलंय. मीटिंग चालू असते आणि आत्या अंगणातून हाक मारतात, वैशे, म्हशीला पाणी दाव. शेजारच्या मावशी येतात, घरीच हायेस ना, मग जरा माझ्या फोनचं बघ. काल साहेबबाई माझं नाव घ्यायल्या आणि मी हौदावर. त्यांनी सांगितलं, हे परत झालं तर थांबवावं लागेल.”

“प्रकाश काय म्हणतो?”

“ते म्हणतात, तुझं तू बघ, मी आईला काय बोलू?” तिनं वळकटी खाली ठेवली. “मला ही नोकरी घालवायची नाही, काकू. परत कोण देणार मला?”

मी तिला वरची कोपऱ्यातली खोली दिली. गिऱ्हाईक म्हणून बघाल तर चांगलं गिऱ्हाईक होतं, त्या वर्षी कॉट रिकाम्याच होत्या. पण ती लॅपटॉप उघडून कामाला लागली तेव्हा मला बरं वाटण्याऐवजी वाईटच वाटलं. जे हातातून जाऊ नये म्हणून ही घर सोडून आली, ते मी एका वाक्यावर सोडलं होतं. भांडलेसुद्धा नव्हते. तिच्या नोकरीइतकाच तिच्या भांडणाचाही मला हेवा वाटला.

चौथ्या दिवशी सगुणाबाई आल्या. एकट्या, सकाळच्या गाडीनं. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागल्या.

“काकू, आमची सून द्या.”

“बसा तरी. पाणी घ्या.”

“पाणी नगं. गावात लोक काय मनायलेत ठावं हाय का? सून नांदंना गेली. माहेरी बी न्हाई गेली, होस्टेलात जाऊन बसली! प्रकाशनं भाईर तोंड कसं दावावं?”

“अहो, ती नोकरीसाठी आलीय.”

“नोकरी घरात हाय मनली होती ना? मग घरातली नोकरी करायला घर सोडून येतंय का कुणी?”

त्यांचं खरंच होतं.

“आन तुमी न्हाई का घरूनच करताव?” सगुणाबाई पुढं म्हणाल्या. “एवढ्या पोरी, एवढा सैपाक. दारात सारखं कुणी ना कुणी. तुमचं चाललंय का न्हाई? ती काय येगळी हाय?”

मी घरून काम करते हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे म्हणतात, ‘ती पोरी सांभाळते.’ यजमानांना ड्युटी होती. त्यांचा डबा, त्यांची झोप, त्यांची वेळ, सगळं घर सांभाळायचं. माझ्या वेळेला कुणी वेळ म्हटलं नाही. पोळ्या लाटताना, बापांशी बोलताना, आजारी पोरीला दवाखान्यात नेताना, मला केव्हाही कुणीही हाक मारत आलंय.

त्या क्षणी माझ्यापुढं दोन सोपी वाक्यं होती. ‘खरंय तुमचं, मला जमतं तर तिलाही जमेल, घेऊन जा.’ किंवा, ‘नाही जमायचं घरी, राहू द्या इथंच.’ पहिल्यानं वैशालीची नोकरी गेली असती, दुसऱ्यानं तिचं घर. आणि खोटं कशाला बोलू, पहिलं वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मला नाही मिळालं ते हिला का मिळावं, याला दुसरं काही कारण लागत नाही.

मी म्हटलं, “वर चला. आवाज करू नका.”

वैशालीच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. ती पाठमोरी बसली होती, हेडफोन गळ्यात. पडद्यावर चौकोनात चौकोन, प्रत्येकात एक तोंड. त्याची वायर सैल झाली म्हणून तिनं आवाज बाहेर ठेवला होता. त्या केस कापलेल्या बाई एकेकाचं नाव घेत होत्या.

सगुणाबाई कुजबुजल्या, “ही ती बघाय आलेली बाई ना?”

“तीच.”

“काय करायली?”

“कोण जागेवर आहे ते बघतेय. काल किती काम झालं, आज किती करणार, ते विचारतेय. रोज सकाळी असतं. मधेही केव्हाही नाव घेतात.”

“आन जागेवर न्हाई सापडलं मंजी?”

“एकदा सांगतात. मग काढून टाकतात.”

तेवढ्यात वैशालीचं नाव आलं. ती ताठ बसली आणि भराभरा काहीतरी सांगून गेली. सगुणाबाई दाराच्या चौकटीला धरून बघत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

“मंजी मुकादम हाय की ह्याच्यात!”

“कोण?”

“मुकादम! आवो, आमी धा वर्सं ऊसतोडीला, कोयत्यावर होतो, प्रकाश ल्हान व्हता तवा. मुकादमानं हाक मारली आन माणूस फडात न्हाई मंजी खाडा. दिवस गेला.” त्यांचा आवाज चढला तसा मी त्यांना जिन्याकडे ओढलं. “मग ही सांगत कामून न्हाई? ही मनली, घरबसल्या काम हाय. घरबसल्या मंजी आमाला वाटलं, जवा जमंल तवा करावं, वाती वळल्यावानी. मुकादम हाय मनली आसती तर मी हाक मारली आसती का? मी काय येडी हाय?”

पुढचा तास आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो आणि मी नियम सांगितले. लिहून दिले नाहीत, कारण सगुणाबाईंना वाचता येत नाही. नियम करणं हे माझं कामच आहे, पण आजवरचे सगळे पोरींना आत ठेवायचे होते. हे पहिल्यांदाच बाहेरच्यांसाठी करत होते. सकाळी साडेनऊला मागच्या खोलीचं दार बंद. मग हाक मारायची नाही. पाहुणा आला, पाहुणी आली, तरी सून ड्युटीवर आहे म्हणून सांगायचं. दुपारी जेवायला अर्धा तास. सहानंतर ती घरची.

“म्हस?” सगुणाबाईंनी विचारलं.

“सकाळी नऊच्या आत तिची पाळी. दिवसा तुमची.”

“संध्याकाळच्या भाकरी?”

“सहानंतर. नाहीतर प्रकाशला शिकवा.”

“त्याच्या हातच्या भाकरी कुत्रं खाईना,” त्या म्हणाल्या. “त्या मीच थापते. पर माझी ननंद आली मंजी कसं? तिला ड्युटी-बिटी काय कळत न्हाई.”

“तिला सांगा, मुकादम आहे.”

सगुणाबाई खळखळून हसल्या. “तिला बी कळंल मग. ती बी कोयत्यावर व्हती.”

संध्याकाळच्या गाडीनं सासू-सून पिंगळीला गेल्या. वैशाली जाताना पाया पडली, वळकटी विसरून गेली. यजमान आता रिटायर झालेत, ओट्यावर बसून सगळं बघत असतात. म्हणाले, “चालून आलेलं गिऱ्हाईक घालवलंस की!” मी म्हटलं, हो, घालवलं.

ती वळकटी द्यायला मी गेले ते मुगाच्या दिवसांत. एकच स्टेशन, म्हणून न कळवता दुपारी गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात बाज टाकलेली, मागच्या खोलीचं दार बंद, आणि त्या दाराला पाठ लावून सगुणाबाई बसलेल्या. समोर मुगाच्या शेंगांचा ढीग, हाताशी काठी. मला बघताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

“मुकादम लागलाय,” त्या कुजबुजल्या. “बसा. सहाला भेटंल.”

“अहो, मी फक्त हे द्यायला...”

“द्या इकडं. बसा. सहाच्या आत न्हाई.”

मी बाजेवर बसले. माझ्या गेटवर मी कित्येक भावांना, काकांना असं बसवलं होतं. मला कुणी बसवलं नव्हतं. शेजारची एक बाई फोन हातात घेऊन कुंपणापाशी आली, “वैशी हाय का?” सगुणाबाईंनी मान न उचलता काठी दाखवली. ती गेली. एक कोंबडी दाराशी आली, तिलाही तेच. भोंगा लावलेली भंगारवाल्याची गाडी गल्लीत शिरली तर या म्हातारीनं शेंगा बाजूला सारल्या, पदर खोचला आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन त्याचा भोंगा बंद करायला लावला. परत दाराला पाठ लावून बसल्या.

“तीन म्हैने भरले,” मला हळूच म्हणाल्या. “तिकडून आल्यापास्नं एक खाडा न्हाई. कालच कायम केली तिला.”

दारामागून वैशालीचा आवाज येत होता. कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होती, न घाबरता, न थांबता, मागं वळून न बघता. मी ऐकत बसले. तोवर मला वाटायचं, मला हिच्या लॅपटॉपचा हेवा वाटतो, पगाराचा, पुणं घरात येण्याचा. तसं काही नव्हतं. मी त्या बंद दाराकडे बघतच नव्हते. दाराला टेकून शेंगा सोलणाऱ्या त्या बाईकडे बघत होते.

तेवढ्यात माझा फोन मोठ्यानं वाजला. यजमान. “अगं, चहापत्ती कुठं ठेवलीय? आणि कुणाचा तरी बाप आलाय, त्याला काय सांगू?”

सगुणाबाईंनी डोळे वटारले. “काकू, भाईर जाऊन बोला बरं. हितं न्हाई.”

मी उठले, रस्त्यावर गेले आणि चहापत्ती कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं.